लहान पोरांचा वारा

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय भागूआत्या,

नमस्कार. तुझा फोन लागत नाही आणि माझा शिजला, म्हणून हे पत्र.

शिजला म्हणजे खरोखर शिजला. परवा त्याची बॅटरी संपली तेव्हा मी कृष्णाला म्हणाले, "राहू दे, त्याला भूक लागलीय." त्यानं तो कुकरमध्ये तुरीच्या डाळीत घातला. मी न बघता झाकण लावलं. तीन शिट्ट्या झाल्या. डाळ फेकून दिली. तांदूळ पाणी शोषून घेतो असं कुणी तरी सांगितलं, म्हणून सुदर्शननं फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलाय. म्हणजे वरण-भात दोन्ही झालं.

हे पत्र कय्युमभाईंच्या हाती देतेय. सुदर्शनचं ऑफिस गुलमंडीत त्यांच्या कापडदुकानाला लागूनच आहे, आणि ते रोज संध्याकाळच्या गाडीनं लासूरला जातात, अगदी तुझ्या भिंतीपलीकडं. पोस्टापेक्षा लवकर पोचेल.

बाकी आमचं काय! कृष्णा साडेचार वर्षांचा झाला, श्रेया दोनची. दोघांनी मिळून माझी वाटणी केली आहे. उजवी बाजू कृष्णाची, डावी श्रेयाची. उजव्या हातानं श्रेयाला घास भरवला तर कृष्णा म्हणतो, "माझा हात का वापरला?" पोट मधोमध असल्यामुळं तिथं रोज तंटा. नाक सध्या सामाईक आहे. मी विचारलं, "मग मला काय?" कृष्णानं माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "तुला पाठ."

त्या पाठीवरच आत्ता पडलेय. आम्ही डॉक्टर-डॉक्टर खेळतोय. दिवसभरात आईला आडवं पडता येईल असा हा एकच खेळ. डॉक्टर माझं ब्लडप्रेशर गुडघ्यावर मोजताहेत, नर्स माझ्या कानात गाजर घालतेय, आणि मी पोटावर वही ठेवून तुला लिहितेय.

एकच विचारायचं होतं. तू पाच पोरं वाढवलीस, शेत केलंस, म्हशी केल्यास. कसं गं केलंस? तू कधी आवाज चढवलेला आमच्या घरात कुणाला आठवत नाही. काही युक्ती असेल तर सांग. हसू नकोस, मी खरंच विचारतेय.

थांबते. नर्सला पेन हवंय.

तुझी
सोनिया


लासूर स्टेशन
६ फेब्रुवारी

चि. सोनियाला भागूआत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. कय्युमनं आणून दिलं तवा मी दारात तूर निवडत बसलेली. लई दिवसांनी कुणी पत्र लिवलं. फोन माझा बी बिघडलाय. वाजतच नाय मेला.

युक्ती काय इचारतीस? आमच्या टायमाला युक्ती नव्हती. पोरं आपोआप मोठी व्हायची. सकाळी भाकरीची चवड थापून ठिवायची, ज्याला भूक लागंल तो खाईल. रांगतं-चालतं लेकरू असलं की लुगड्याचं एक टोक त्याच्या कमरेला आन् दुसरं खाटंच्या पायाला. तू बी तसंच कर. दुपारी अंगाला तेल लावून न्हाऊ घाल, गप्पदिशी झोपत्यात. तुमच्या पिढीचं काय हाय, तुमी पोरांना इचारत बसता, "बाळा, काय खाणार?" बाळाला इचारलं तर तो दगुड बी मागंल.

कटाळा हा शब्दच आम्हाला ठावं नव्हता. कटाळा करायला टाइम कुणाला व्हता?

रामकिसनचा निरोप आलाय. पुण्याला ये म्हणतोय, कायमचंच. सूनबाईला परत दिवस गेलेत, पयला दीड वर्षाचा हाय, त्यात तिची नोकरी. आई, तुझ्याबिगर कसं व्हायचं, म्हणतो. जाईन की. नातवंडांपरीस मोठं सुख कंचं हाय? फकस्त हितली बारीकसारीक कामं उरकायचीत, ती काय लवकर उरकंनात.

सुदर्शनरावांना नमस्कार सांग. फोन तांदळातून काढून उन्हात ठिव.

भागूआत्या


गारखेडा
१० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू लिहिलंस ते सगळं करून पाहिलं.

आमच्याकडं खाट नाही, दिवाण आहे, आणि त्याला पाय नाहीत. म्हणून साडीचं दुसरं टोक माझ्याच कमरेला बांधलं. श्रेया शांत बसून राहिली. मी मात्र ओट्यापर्यंत पोचेना. गॅसवर दूध उतू चाललंय आणि मी दोन हात अंतरावरून नुसती बघतेय. कृष्णा म्हणाला, "आई, तिनं तुला पक्कं बांधलंय."

मग तेल लावलं. तेलामुळं पोरं हातातून निसटतात हे तू लिहिलं नव्हतंस. श्रेया अंगावर कपडा नसताना जिन्यानं खाली पळाली. खाली सांडू वॉचमननं तिला दोनदा धरलं, ती दोनदा निसटली. शेवटी त्यानं तिला पोत्यात घालून वर आणलं आणि म्हणाला, "वहिनी, हे तुमचंच हाय ना?"

काल केळं सोलताना मोडलं. कृष्णाला ते परत जोडून हवं होतं. दुसरं दिलं, तर ते त्या केळ्याचं नव्हतं. मी चिकटपट्टीनं जोडून दिलं. मग चिकटपट्टी लावलेलं केळं कोण खातं, म्हणून रडला. रडताना त्याला आपण कशासाठी रडतोय याचा विसर पडला, तो मला विचारायला लागला. मी आठवण करून दिली. नको द्यायला होती.

संध्याकाळी सुदर्शन आला, दहा मिनिटं दोघांना खांद्यावर घेऊन फिरला आणि म्हणाला, "किती शहाणी आहेत गं! आणि तू दिवसभर घरीच असून तुला एक फोन सांभाळता आला नाही." मी दोघांच्या नाकाला रुमाल लावण्यात गुंतले होते.

आत्या, पोरांवर माझा राग नाही. पण दिवसभर आई, आई, आई ऐकून संध्याकाळी कुणी 'सोनिया' म्हणालं की मी मागं वळून बघते, कोण आलंय म्हणून.

आठ दिवस लासूरला येऊ का? दोघांना घेऊन. तू नुसती शेजारी बसलीस तरी पुरे. तुला बघून त्यांनाही वळण लागेल.

सोनिया


लासूर स्टेशन
१२ फेब्रुवारी

चि. सोनिया,

तुझं पत्र मिळालं आन् त्याच दिशी घात झाला. कांद्याच्या मार्केटात सालपटावरून घसरले, डावा पाय मोडला. मांडीपातुर प्लास्टर हाय. दीड-दोन महिने जाग्यावरून हलायचं नाय म्हणलेत. रामकिसनला बी तसंच कळवलं. पुण्याला जायचं व्हतं, आता कसलं जाणं? लई वाईट वाटतंय. पर शरीरापुढं माणसाचं काय चालतंय?

अनवरी बिचारी भिंतीपलीकडून सगळं करती. कय्युमची बायको म्हणून सांगत नाय, बाई लई गुणाची. तिची अरफा बी शाळेतून आली की माझ्यापाशी बसती.

तवा तू आता येऊ नको. तुला माझं करत बसावं लागंल. पाय बरा झाला की मीच कळवीन.

भागूआत्या


गारखेडा
१४ फेब्रुवारी

आत्या!

पाय मोडला आणि वर मलाच येऊ नको म्हणतेस? तू सगळ्या जन्मात कुणाकडून पाण्याचा तांब्या मागून घेतला नसशील. आता तरी घे.

मी येतेच. येत्या गुरुवारी, सकाळच्या गाडीनं. सुदर्शनला सांगितलं, तो म्हणाला, आत्यांची सेवा होत असेल तर जरूर जा. स्वतःसाठी विचारलं होतं तेव्हा त्याला रविवारी मटण कोण करणार हा प्रश्न पडला होता.

कृष्णा तर हरखून गेलाय. त्यानं आजवर खरं प्लास्टर पाहिलेलं नाही. ते कापायचं असतं, हे त्याला कुणी तरी सांगितलंय. त्यानं सुदर्शनची छोटी करवत बॅगेत भरली, मी काढली, त्यानं परत भरली. श्रेया रोज तिच्या बाहुलीचा पाय उपटून काढतेय आणि म्हणतेय, "आज्जी."

तू अजिबात काळजी करू नको. तुझं जेवण, अंघोळ, वेणी, सगळं मी करीन. दोन पोरांचं करते तिथं तिसरं.

सोनिया


लासूर स्टेशन
१५ फेब्रुवारी

सोनिया,

येऊ नको. कय्युमला दुकानात जायच्या आधी हे पत्र तुला पोचतं करायला सांगितलंय.

डॉक्टर म्हणले, लहान पोरांचा वारा हाडाला बाधतो. हाड जुळत असतं, तवा सा वर्षांच्या आतलं लेकरू जवळ आलं तर सांधा वाकडा बसतो. पुण्याला बी मी हेच कळवलंय. त्यात माझा उजवा पाय आधीच नाजूक, आन् मोडलाय बी तोच.

करवत तर अजाबात पाठवू नको.

राग मानू नको पोरी. नंतर बघू.

भागूआत्या


गारखेडा
२२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

मंगळवारी तू आलीस, मला मिठी मारलीस, थोबाडीत दिलीस, आणि पाच मिनिटांत रामकिसनदादानं तुला गाडीत बसवून नेलं. बोलणं झालंच नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये आता हा किस्सा प्रत्येक मजल्यावर वेगळा सांगतात. म्हणून खरं काय झालं ते माझ्याकडून ऐक.

आधी हे सांगते की तुझ्या शेवटच्या पत्रानं मी रुसले होते. माझी पोरं हाडाला बाधतात, असं आजवर मला कुणी म्हणालं नव्हतं. बॅग उपसली, कपडे परत कपाटात ठेवले. तेवढ्यात डॉक्टर आले.

कृष्णानं विचारलं, "कुठं दुखतंय?"

"सगळीकडं."

त्यानं माझ्या कपाळावर हात ठेवला, तोंड पाडलं आणि म्हणाला, "मग तुम्ही मेलात."

"मेल्यावर काय करायचं असतं, डॉक्टर?"

"काही नाही. गप पडायचं. बोलायचं नाही, उठायचं नाही."

"कुणी हाक मारली तर?"

"मेलेला माणूस ओ देत नाही."

आत्या, इतकं चांगलं औषध मला आजवर कुणी दिलं नव्हतं. नर्सबाईंनी पावडरचा अख्खा डबा माझ्या तोंडावर उपडा केला, कृष्णानं वरून पांढरी चादर ओढली. मी म्हटलं, दोन मिनिटं. आणि मला झोप लागली. कृष्णा पोटात होता तेव्हापासून अशी झोप लागली नव्हती.

पुढचं सगळं लोकांकडून कळलं. कृष्णा स्टुलावर चढला, कडी काढली, समोरच्या सारजाबाईंकडं गेला आणि म्हणाला, "आमची आई मेली. बिस्किट द्या." त्याला भूक लागलेली आणि खायला देणारी मेलेली, तेव्हा त्याचं बोलणं सरळच होतं. सारजाबाई आल्या, चादर उचलली, माझा पांढराफटक चेहरा पाहिला आणि अशी किंकाळी फोडली की कोपऱ्यावरची गिरणी बंद झाली म्हणतात. मला ऐकूच आली नाही. त्यानंतर चादर उचलायची कुणाची छाती झाली नाही. कुणी सुदर्शनला फोन केला, कुणी तुळशीची पानं आणली. सांडू खाली उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "तिसरा मजला. चपला हितंच काढा."

बायका रडत होत्या, की लेकरांना काही कळत नाही. लेकरं त्यांच्या मांडीवर बसून क्रीमची बिस्किटं खात होती.

सुदर्शनला कय्युमभाईंनी स्कूटरवर आणलं. लासूरला अनवरीभाभींना फोनही त्यांनीच केला. सुदर्शन माझ्या पायाशी बसला आणि एवढंच म्हणत राहिला, "मी तिला त्या फोनवरून बोललो. एका फोनवरून बोललो."

मग श्रेया आली. खोलीत माणसं दाटीवाटीनं बसलेली, तिचा बाप मांडी घालून सगळ्यात पुढं. त्या सगळ्यांतून वाट काढत, बापाच्या मांडीवर पाय देऊन ती माझ्यापर्यंत आली. चादरीखाली हात घालून माझा अंगठा ओढला आणि म्हणाली, "आई, शी."

मी उठले. डोळे पुरते उघडलेही नव्हते. "चल," म्हणाले, तिला कडेवर घेतलं, बाथरूममध्ये नेलं, धुतलं. बाहेर इतकी शांतता होती की मला वाटलं, कृष्णा झोपला. बाहेर आले तर घरभर माणसं. सारजाबाई आडव्या पडलेल्या, त्यांच्या तोंडावर कुणी तरी पाणी मारतंय. सुदर्शन हात जोडून भिंतीला टेकलेला.

मी त्याला विचारलं, "आज लवकर कसा आलास?"

हसण्यासारखंच आहे. मीही हसले. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. श्रेयाला शी झाली तेव्हा बाप जिवंत होता आणि मी मेलेली होते. तरी तिला मेलेली आई जास्त भरवशाची वाटली. आणि तिचा अंदाज बरोबर निघाला, हे त्याहून वाईट.

आता तू सांग. जिवंत होते तेव्हा येऊ नको म्हणालीस, मेले म्हटल्यावर धावत आलीस. आणि आत्या, तू तीन मजले धावत चढलीस. तुझ्या पायाचं काय?

सोनिया


लासूर स्टेशन
२५ फेब्रुवारी

चि. सोनिया,

पायाला काय झालंच नव्हतं. ना डाव्या, ना उजव्या.

रामकिसन रोज फोन करायचा, आई कवा येती, आई कवा येती. म्हणून फोन बंद करून पेटीत टाकला. तवा तो अरफाच्या फोनवर यायला लागला. मग अनवरीला म्हणलं, आता कायतरी मोडल्याबिगर भागत नाय. हितं एकजण गणपती करतो, त्याच्याकडनं आम्ही पीओपीची पिशवी आणली. अनवरीनं जुनी ओढणी फाडून थरावर थर दिला. "खाला, पाव हिलाओ नक्को, सुकने दो," म्हणायची आन् मधीच हासत सुटायची. अरफानं फोनमधून रामकिसनला पाय दावला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या बी आलं, पीओपी लई चावत व्हतं.

त्यात तू निघालीस, करवत घिऊन. अन् तिकडून रामकिसनचा निरोप, की मंगळवारी गाडी घिऊन येतो, पुण्याच्या मोठ्या डॉक्टरला दावतो. मी मधल्यामधी. पळायचं म्हणलं तर पाय प्लास्टरात.

मंगळवारी अनवरी ऊर बडवत आली, "खाला, अपनी सोनिया गई." मला फुडचं काय दिसंना. वरवंटा घेतला आन् प्लास्टर फोडलं. अर्धं निघालं, अर्धं तसंच पायाला. तशीच चौकात पळत गेले, जीप धरली. जीपवाला म्हणला, "मावशी, पाय मोडलाय का?" म्या म्हणलं, "मोडला व्हता, आत्ताच बरा झाला, तू चल." सगळ्या वाटंनं एकच ध्यानात येत व्हतं, की पोरगी आठ दिवस येते म्हणली आन् म्या तिला वाऱ्याच्या गोष्टी सांगितल्या.

वर आले तर तू दारात, तोंडाला पावडर, हात वले. मग थोबाडीत नाय देणार तर काय करणार?

पाठोपाठ रामकिसन आला. लासूरला कुलूप बघून अनवरीकडनं कळलं त्याला. तवा कृष्णा माझ्या कडंवर व्हता. रामकिसननं पयलं तुझ्याकडं बघितलं, मग माझ्या पायाकडं. एक मेलेली उभी, एक मोडलेली उभी.

वाटंत चहाला थांबलो. तो म्हणला, "आई, माझ्या लेकराला सांभाळायचं नाय म्हणून तू पाय मोडून घेतलास?"

"मोडला कुठं? नुसता बांधला."

"तुला नातवंडांची माया नाय का?"

म्या म्हणलं, "माया लई हाय. पर मला परत आई व्हायचं नाय. एकदा झाले. पाच डाव झाले."

तो चहा तसाच ठिवून गाडीत जाऊन बसला. दोन दिस लासूरलाच व्हता, नुसता दाराशी बसून मला बघायचा. मी सकाळी उठून बायांबरोबर भजनाला जाते, मग अनवरीच्या वट्यावर चहा पिते, मग माझं माझं जेवते, ते सगळं त्यानं बघितलं. जाताना म्हणला, "तू हितं मजेत हायस, हे मला माहीतच नव्हतं." म्या म्हणलं, "तू इचारलंच कवा?" तिकडं पोराला सांभाळायला आता बाई बघणार हाय. बाळंतपणाला मी जाईन, महिनाभर. पाव्हणी म्हणून.

आन् तुला जे लिवलं व्हतं, पोरं आपोआप मोठी व्हायची, ते सोड. कंचंच पोरगं आपोआप मोठं व्हत नाय. एकदा मी म्हशीच्या गव्हाणीत कडब्याखाली लपून बसले व्हते. पाची पोरं आई आई करत वाडीभर हिंडत व्हती. म्हैस माझ्याकडं बघत व्हती. तिनं कुणाला सांगितलं नाय, म्हणून ती जलमभर मला लई आवडली.

आता तू ये. एकटी. पोरं त्यांच्या बापाकडं ठिव. मी तुला काय करायला सांगणार नाय, तू मला काय इचारू नको. फोन माझा पेटीतच हाय. अनवरीचा नंबर कुणी खरंच मेलं तर लावायचा, तसं जावईबापूंना सांगून ठिव.

भागूआत्या


गारखेडा
३ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. गव्हाणीचा भाग त्याहून जास्त वेळा.

सुदर्शनला सांगितलं. त्या मंगळवारपासून तो माझ्याशी जरा जपूनच वागतो. मी दुपारी डोळे मिटले की नाकाशी बोट धरून बघतो. तो म्हणाला, "जा की. दोन दिवसांचं तर आहे. माझीच पोरं आहेत."

मग थोड्या वेळानं आला आणि म्हणाला, "काय काय करायचं असतं, ते एका कागदावर लिहून ठेव."

मी कागद घेतला. लिहायला बसले आणि सुचेना. कृष्णाला चपाती गोल चालत नाही, त्रिकोणी लागते, पण मंगळवारी गोल. हे कसं लिहायचं? शेवटी कोऱ्या कागदाची पोरांना होडी करून दिली.

"मला कुणी लिहून दिलं होतं का?" मी सुदर्शनला म्हणाले. तो हसला. मी हसले नाही, तेव्हा थांबला.

गुरुवारी येते. शनिवारी संध्याकाळी परत.

सोनिया


गारखेडा
७ मार्च, दुपार

प्रिय सोनिया,

सर्व क्षेम आहे. काळजी करू नकोस. ऑफिसला सुट्टी टाकली आहे. तू उगाच बाऊ करतेस असं वाटत होतं, आणि खरंच पोरं गुणी आहेत.

सकाळी उपमा केला. दोघं म्हणाली, हा कालचा आहे. मी म्हटलं, तुमच्यासमोर आत्ता केला. तरी कालचाच आहे. मीच खाल्ला.

कृष्णानं विचारलं, झुरळाला आडनाव असतं का? मी नाही म्हणालो. तेव्हापासून तो रडतोय. समजूत घालायला साहेबांचा फोन अर्ध्यात ठेवला. साहेबांनी परत केला, तो श्रेयानं उचलला. त्या दोघांचं काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण साहेब म्हणाले, सोमवारीही आला नाहीत तरी चालेल.

अंघोळ घातली. कुणाकुणाला घातली ते सांगता येत नाही, मी सगळ्यात जास्त भिजलो.

सोनिया, खरं सांगतो, हे पत्र मी बाथरूममध्ये बसून लिहितोय. दारावर दोघं थापा मारताहेत. एकच विचारायचं आहे, ते सांगितलंस की बाकीचं मी निभावतो. श्रेया सकाळपासून "गुंगू" मागते आहे. गुंगू म्हणजे काय? मी तिला घरातली प्रत्येक वस्तू दाखवली. बूच, भोपळा, कॅलेंडर, माझा पट्टा. सारजाबाईंनाही दाखवलं. ती म्हणते, नाही, गुंगू. आता ती जमिनीवर आडवी पडून गुंगू म्हणते आहे.

कय्युमभाई खाली थांबले आहेत. उलट टपाली कळव. अनवरीभाभींना फोन करणार होतो, पण अजून कुणी मेलेलं नाही.

तुझा
सुदर्शन


लासूर स्टेशन
८ मार्च, सकाळ

प्रिय सुदर्शन,

उपम्याची ताटली खिडकीबाहेर धरून आत आण, आजचा होतो.

झुरळाला आडनाव असतं. आपल्या घरात राहतं, त्यामुळं आपलंच.

गुंगू म्हणजे काय ते मलाही माहीत नाही. दिवाळीपासून ती रोज मागते, आणि दिवाळीपासून मी रोज शोधते. आईला आतून कळतं असं तुला वाटलं असेल. मला काही कळत नाही रे. मीसुद्धा बूच आणि भोपळा दाखवूनच बघते, नाही म्हणाली की पुढची वस्तू घेते.

माळ्यावर अजून पाहिलेलं नाही. तिथून सुरुवात कर. मी आता मंगळवारी येते.

सोनिया